यंत्रमानवाची वीज आणि माणसाचा जीव

(धर्माबाद येथे गिरणीचालक, वायरमन आणि औद्योगिक प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



धर्माबादच्या बाजारपेठेत पाहुणा आला की त्याचे पहिले स्वागत मिरचीचा ठसका करतो. गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणाच्या सीमेलगत वसलेल्या या गावाने लाल मिरचीच्या व्यापारावर आपला लौकिक मिळविला. मिरची वाळविणे, देठ खुडणे, कांडणे, चाळणे आणि पोती भरणे ही सारी कामे एके काळी मनुष्यबळावर चालत. पुढे विजेची मोटार आली. आता मोटारीचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, वजन करून पिशव्या भरणारे यंत्र आणि या सर्वांवर हुकूम चालविणारी नियंत्रण पेटी छोट्या उद्योगांच्याही आवाक्यात आली आहे. याच वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणजे यंत्रमानव.

यंत्रमानव धर्माबादला कुठून येणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. तो इकडे येण्याची वाट न पाहता इकडची मुलेच त्याच्याकडे गेली आहेत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कितीतरी तरुण पुण्याजवळील चाकणला आणि छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूजला वाहनांच्या व सुट्या भागांच्या कारखान्यांत काम करतात. तेथे वितळजोड करणारे, रंग देणारे आणि जड वस्तू उचलून ठेवणारे यंत्रमानव रोज त्यांच्या शेजारी उभे असतात. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण एक-दोन वर्षांत अशाच एखाद्या नियंत्रकाचे दार उघडून आत हात घालणार आहेत. तो हात सुखरूप बाहेर यावा, एवढ्याचसाठी आजचे हे बोलणे आहे.

मी कला शाखेचा पदवीधर, आणि माझा व्यवसाय माहिती देण्याचा. तारा जोडण्याचे शास्त्र मला अभियंत्यांनी आणि अनुभवी वायरमन मंडळींनी समजावून सांगितले. परंतु एक गोष्ट माझ्या टेबलावरून वर्षानुवर्षे जात आली आहे, आणि ती म्हणजे अपघाताची बातमी. "विजेचा धक्का लागून तरुणाचा मृत्यू." बहुधा एवढेच एक वाक्य असते. तो कोणती पेटी उघडत होता, मुख्य स्विच कोणी चालू केला, अर्थिंगची तार होती की नव्हती, याबद्दल बातमीत एक शब्दही नसतो. त्या न छापलेल्या मजकुराविषयी मी आज बोलणार आहे.

एक पेटी, दोन प्रकारची वीज

'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. 'रोबोता' या मूळ शब्दाचा अर्थ वेठ, सक्तीची मजुरी. निजामी राजवटीत वेठबिगार काय असते हे मराठवाड्याच्या जुन्या पिढीने अनुभवले होते, म्हणून हा अर्थ आपल्याला फोड करून सांगावा लागत नाही. पहिला औद्योगिक यंत्रमानव १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला लागला. आज आपण जो पाहतो तो पोलादी हात असतो. त्याला बहुधा सहा सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यात एक मोटार असते. हाताची बुद्धी मात्र त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कपाटासारख्या पेटीत असते. त्या पेटीला नियंत्रक म्हणतात.

या पेटीत दोन प्रकारची वीज नांदते. विचार करणाऱ्या भागाला, म्हणजे संगणक, संवेदक आणि रिले यांना, २४ व्होल्टची सौम्य एकदिश वीज लागते. हात हलविणाऱ्या मोटारींना मात्र थ्री-फेजमधून आलेली जबर शक्ती लागते. ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा एकदिश करून घेतला की पेटीतील दाब साडेपाचशे व्होल्टच्याही वर जातो. तो दाब मोठमोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठविलेला असतो. याचा अर्थ असा की मुख्य स्विच बंद केल्यानंतरही पेटी काही मिनिटे जिवंत असते. विहिरीवरचा पंप बंद केला तरी पाइपातले पाणी थोडा वेळ वाहतच राहते, तसेच हे आहे. फरक इतकाच की हे पाणी डोळ्यांना दिसत नाही. निर्मात्याने दारावर जितकी मिनिटे थांबावयास सांगितले असेल तितकी घड्याळ लावून थांबावे, त्यानंतर मल्टिमीटरने दाब मोजावा आणि मगच हात घालावा.

पुरवठा जोडण्यापूर्वी

नियंत्रकाच्या पाटीवर त्याला किती व्होल्ट, किती फेज आणि किती अँपिअर लागतात हे लिहिलेले असते. ही पाटी प्रथम वाचावी. काही परदेशी नियंत्रक २०० व्होल्टच्या थ्री-फेजवर चालतात. त्यांना ट्रान्सफॉर्मरवाचून आपला ४१५ व्होल्टचा पुरवठा जोडला तर लाखो रुपयांचे यंत्र क्षणार्धात निकामी होते. काही नियंत्रकांना न्यूट्रल लागत नाही, काहींना लागतो. "आमच्या गिरणीच्या मोटारीला असेच जोडले होते" हा दाखला येथे उपयोगाचा नाही.

आपल्या भागातील शेतकरी विजेच्या लहरीपणावर दोन तोडगे काढतो. एक फेज गेला की कॅपॅसिटर लावून तो दोन फेजवर पंप ओढतो. रात्री अवेळी वीज आली तर उठावे लागू नये म्हणून तो पंपाला ऑटो स्विच बसवितो. त्याची अडचण खरी आहे आणि मी तिला नावे ठेवणार नाही. परंतु हे दोन्ही तोडगे यंत्रमानवाच्या बाबतीत घातक आहेत. एक फेज गेल्यास नियंत्रकाचा पुरवठा ताबडतोब तोडला गेला पाहिजे. त्यासाठी फेज बंद पडल्याची दखल घेणारा रिले बसवावा. वीज परत आल्यावर यंत्रमानवाने आपोआप हलता कामा नये. कल्पना करा, वीज गेली म्हणून कामगार कुंपणाच्या आत अडकलेली पिशवी काढावयास गेला, आणि त्याच क्षणी वीज आली! म्हणून फेरचालना ही नेहमी माणसाने, कुंपणाबाहेर उभे राहून, आत कोणी नाही हे पाहूनच द्यावी.

दाब कमीजास्त होण्याचा त्रास असेल तर सर्वो स्टॅबिलायझर लावता येतो, आणि विचार करणाऱ्या भागासाठी यू.पी.एस. ठेवता येतो. चांगल्या यंत्रमानवाच्या सांध्यांतील ब्रेक वीज गेली की लागतात आणि वीज असतानाच सुटतात. वीज गेल्यावर हात खाली कोसळू नये, म्हणून ही योजना केलेली असते. दुरुस्तीच्या वेळी ब्रेक सोडण्याचे बटण दाबण्यापूर्वी हाताला खालून आधार दिला आहे ना, हे पाहावे.

एम.सी.बी. कोणाचे रक्षण करते?

हा प्रश्न मी अनेकांना विचारला, आणि बहुतेकांनी "माणसाचे" असे उत्तर दिले. ते बरोबर नाही. एम.सी.बी. तारेचे रक्षण करते. तारेतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह जाऊ लागला की ती पुरवठा तोडते. म्हणून तिचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरवावयाचा असतो. ती वारंवार पडते म्हणून मोठ्या आकड्याची बसविणे म्हणजे ताप मोजणारी नळी फोडून आजार बरा झाला असे मानणे होय. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळण्याची आपली जुनी सवयही याच जातीची आहे.

आता माणसाचे गणित पाहू. माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टला त्यातून जाणारा प्रवाह ०.२३ अँपिअर होतो. घामाने किंवा पाण्याने ओल्या झालेल्या हातातून तो याहून जास्त जातो. ०.०३ अँपिअरच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. म्हणजे माणूस मरावयास जेवढा प्रवाह पुरतो, तेवढ्याने १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला जागसुद्धा येत नाही.

त्यासाठी गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे आर.सी.सी.बी. हे उपकरण असते. मात्र येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी. ड्राइव्ह असलेल्या यंत्रातून थोडी गळती स्वभावतःच होत असते, आणि तिचे रूप घरगुती गळतीपेक्षा वेगळे असते. त्यामुळे घरातील साध्या प्रकारचे उपकरण येथे विनाकारण पडते. याहून वाईट म्हणजे पडावयास हवे तेव्हा ते पडत नाही. निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचेच उपकरण बसवावे, आणि ड्राइव्हसाठी ते बहुधा 'बी' प्रकारचे असते. उपकरण पडते म्हणून त्याला वळसा घालून तार जोडणारा वायरमन काम करीत नसून पुढच्या माणसासाठी सापळा लावीत असतो.

काळी माती आणि अर्थिंग

अर्थिंगविषयी आपल्याकडे उदासीनता फार आहे. जमिनीत एक सळई ठोकली, थोडे मीठ आणि कोळसा टाकला की काम झाले असे समजले जाते. समजा, अशा सळईचा रोध १० ओहम आहे आणि पेटीच्या सांगाड्याला फेजची तार लागली. २३० व्होल्टला जमिनीत जाणारा प्रवाह फार तर २३ अँपिअर होईल. ३२ अँपिअरची एम.सी.बी. याने पडणारच नाही. सांगाडा जिवंत राहील, आणि पुढे जो कोणी त्याला हात लावील त्याच्यावर तो दाब येईल. अर्थिंग "आहे" एवढे पुरेसे नसते, ते मोजलेले असावे लागते.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या जमिनीत उत्तम निघालेले अर्थिंग मे महिन्यात, माती सळईपासून सुटल्यावर, निकामी झालेले असू शकते. म्हणून मोजणी भर उन्हाळ्यात करावी, खड्ड्यात नियमाने पाणी घालावे आणि मोजणीचा आकडा व तारीख खड्ड्याजवळ लिहून ठेवावी. २५० व्होल्टपेक्षा अधिक दाबाच्या यंत्रांच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग असावेत, हा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होता आणि आजच्या सुरक्षा विनियमांतही तो कायम आहे. न्यूट्रललाच अर्थिंग समजून सांगाडा जोडणे किंवा पाण्याच्या नळाला तार गुंडाळणे हे दोन्ही प्रकार कायमचे सोडून द्यावेत. नियंत्रक, यंत्रमानवाचा पाया आणि भोवतालचे लोखंडी कुंपण हे तिन्ही जाड तारेने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेले असावेत.

शक्तीच्या तारा आणि संदेशाच्या तारा एकाच नळीतून नेऊ नयेत, हेही येथेच सांगतो. शक्तीच्या तारेची कुजबुज संदेशाच्या तारेत शिरली तर यंत्रमानव चुकीचा हुकूम ऐकतो, किंवा काम अर्ध्यावर थांबवितो. दोहोंत अंतर ठेवावे आणि संदेशासाठी जाळीचे आवरण असलेली केबल वापरावी.

भुकटी, ऊन आणि आकाशातील वीज

मिरचीची भुकटी डोळ्यांत गेली तर काय होते हे धर्माबादकरांना सांगावयास नको. पेटीत गेली तर ती पंख्याच्या जाळीवर थर धरते आणि आतली हवा कोंडते. ओलावा मिळाला की तारांच्या जोडावर तिची पापडी बसते. हवेत दाट पसरलेली कोणतीही सेंद्रिय भुकटी ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून नियंत्रण पेटी दळणाच्या जागेपासून दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत असावी. केबल शिरते त्या प्रत्येक छिद्राला घट्ट ग्लँड असावी. जाळी ठरलेल्या दिवशी, पुरवठा बंद करून साफ करावी.

बहुतेक नियंत्रक भोवतालचे तापमान ४५ अंशांपर्यंत असेल तर काम करतील अशा हिशेबाने बनविलेले असतात. आपल्याकडील वैशाखात पत्र्याखालचा पारा त्या सीमेला सहज भिडतो. पश्चिमेच्या भिंतीला टेकून पेटी ठेवणे म्हणजे तिला रोज दुपारी भट्टीत घालणे होय. उष्णतेत केबलचीही प्रवाह वाहण्याची ताकद घटते, त्यामुळे एक माप जाड केबल घ्यावी लागते. त्यासाठी पडणारा जास्तीचा खर्च हा तोटा समजू नये.

वळवाच्या पावसाबरोबर आणि परतीच्या पावसात मराठवाड्यावर विजा कोसळतात. वीज कारखान्यावरच पडावी लागते असे नाही. दूरच्या तारांवर पडली तरी दाबाची लाट तारेवरून आत येते आणि नियंत्रकाचे नाजूक भाग जाळते. ही लाट जमिनीकडे वळविणारे उपकरण मुख्य पॅनेलवर बसवावे, आणि त्याची जमिनीकडे जाणारी तार शक्य तितकी आखूड व सरळ ठेवावी. अर्थातच अर्थिंग निकामी असेल तर हे उपकरणही शोभेचे ठरते. विजांची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. ते यंत्रासाठी नसले तरी शेतात आणि अंगणात काम करणाऱ्या आपल्या माणसांसाठी प्रत्येकाच्या फोनवर असावे.

कुलूप आपले, किल्ली आपल्या खिशात

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात फ्लॅट रॉक येथील ओतकाम कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा २५ वर्षांचा कामगार यंत्रमानवाच्या कक्षेत शिरला, आणि चालू यंत्राच्या हाताचा आघात होऊन मरण पावला. १९८१ साली जपानमध्ये आकाशी येथे केंजी उरादा हा कामगार दुरुस्तीसाठी कुंपणाच्या आत गेला. यंत्र पूर्णपणे बंद केलेले नव्हते, आणि त्याच्या हाताने उरादाला शेजारच्या यंत्रावर दाबले. २०१५ साली आपल्याच देशात, हरियाणातील मानेसर येथे, वितळजोड करणाऱ्या यंत्रमानवाने एका कामगाराचा बळी घेतला. अमेरिका असो की जपान, अथवा आपला देश, धोका एकाच ठिकाणी असतो: माणूस आत आणि यंत्रात शक्ती शिल्लक.

यासाठी तीन गोष्टींतील फरक मनावर कोरून घ्यावा. लाल रंगाचे आणीबाणीचे बटण हालचाल थांबविते, पेटीतील वीज काढून घेत नाही. मुख्य स्विच बंद केला तर त्याच्या पुढची वीज जाते, परंतु स्विचवर येणाऱ्या तारा जिवंतच असतात. त्या तारांना हात लावावयाचा असेल तर मागच्या पॅनेलवरूनच पुरवठा तोडावा लागतो. आणि स्विच बंद करून भागत नाही, कारण दुसरा कोणी तो चालू करू शकतो. म्हणून कुलूप लावता येईल असाच मुख्य स्विच घ्यावा. जो आत जाणार त्याने स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. तिघे आत जाणार असतील तर कुलपे तीन. कुलपावर नाव आणि वेळ लिहिलेली पाटी असावी. काम संपल्यावर ज्याचे कुलूप त्यानेच काढावे. मालकाने काढू नये आणि साहेबानेही काढू नये.

मित्रहो, या कुलपाला काही शंभर रुपये पडतात. परंतु गिरणीत माल अडलेला असतो, ट्रक दारात उभा असतो, मालक घाई करतो आणि पोरगा म्हणतो, "दोन मिनिटांचे काम आहे, चालू ठेवूनच करतो." अपघात या दोन मिनिटांत होतात. मालक मंडळींना माझी विनंती आहे की त्या क्षणी आपण "थांब, आधी कुलूप लाव" असे म्हणावे. मालकाच्या तोंडचे हे एक वाक्य भिंतीवरच्या दहा सूचनाफलकांहून मोलाचे आहे. आणि विद्यार्थ्यांना सांगतो, "जमणार नाही, आधी पुरवठा तोडा" असे म्हणणे हा उद्धटपणा नाही. जो कारागीर असे म्हणू शकतो तोच आपल्या विद्येत पक्का असतो.

कायदा आपल्या बाजूने आहे

असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे, असा नियम आहे. विजेच्या प्राणघातक अपघाताची प्राथमिक सूचना विद्युत निरीक्षकाला २४ तासांच्या आत द्यावी लागते. अनेकांना हा केवळ जाच वाटतो. परंतु अपघाताची चौकशी झाली, कारण नोंदले गेले, तरच पुढच्या माणसाचा जीव वाचतो. बातमीत न छापलेला मजकूर निदान सरकारी नोंदीत तरी उतरतो.

शेवटी एवढेच सांगतो. आज येथून परत गेल्यावर आपापल्या गिरणीतील एक पेटी पाहावी. अर्थिंगच्या दोन तारा आहेत का, फ्यूजमध्ये जाड तार तर नाही ना, मुख्य स्विचला कुलपाचे भोक आहे का, या तीन गोष्टी पाहावयास अभियंता लागत नाही आणि दारही उघडावे लागत नाही. फ्यूजबद्दल वायरमनला विचारावे आणि पुरवठा तोडूनच त्याला तो दाखवावयास सांगावे. यंत्रमानव आला तर तो याच तारांवर चालणार आहे. तो कधी आला नाही तरी या तारांजवळ आपली माणसे रोज उभी राहणार आहेत. त्यांच्यापैकी कोणाचीही एका वाक्याची बातमी माझ्या टेबलावर येऊ नये, एवढीच प्रार्थना करून मी आपला निरोप घेतो.